कर्दळीचा कौल

मी सातवीपर्यंत शिकले. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती, मधे ओढा होता, आणि घरात माझ्या पाठची दोन भावंडं सांभाळायची होती. म्हणून थांबले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुठं चुकलं तर वाचणाऱ्यानं समजून घ्यावं. आमचं गाव हिंगोलीकडचं. कोल्हापूर किती लांब आहे ते एसटीत बसल्यावर कळलं. सासर सुटल्यावर गावातल्या एका बाईच्या ओळखीनं मी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात मावशी म्हणून लागले, आणि तिथंच मला काकी भेटल्या. खुब्याचं हाड मोडून पडल्या होत्या. घरी सोडायच्या दिवशी त्यांनी मुलाला सांगितलं, "ही पोरगी मला पायजे. हिचा हात हलका हाय."

तेवढ्या एका बोलण्यावर मला घर मिळालं. अजून कधीकधी वाटतं, त्या दिवशी दुसऱ्या मावशीची पाळी असती तर मी कुठं असते.

काकींचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पुण्यात कंपनीत. त्याला मी दादा म्हणायची. घर नदीच्या अंगाला, सखल भागात. दोन खोल्या, स्वैपाकघर, आणि मागं परडं. परड्यात मोरीचं पाणी जिथं बाहेर पडायचं तिथं भिंतीच्या कडेनं कर्दळीचा वाफा होता. काकींचं माहेर गडमुडशिंगीचं. घर बांधलं तेव्हा तिथनं त्यांनी कर्दळीचे गड्डे पोत्यात घालून आणले होते, मोरीचा वास मारावा आणि भिंत झाकावी म्हणून. केळीसारखी रुंद हिरवी पानं, पिवळं फूल, त्यावर तांबडे शिंतोडे. भांड्याचं, आंघोळीचं, कपड्याचं पाणी पिऊन ती डोक्याएवढी वाढायची.

काकी वॉकर धरून मागच्या दारात यायच्या, खुर्चीत बसायच्या आणि तिथनं मला हुकूम सोडायच्या.

"त्यो दांडा बघ. त्याचं फुलून झालं. मुळातनं काप."

"काकी, पानं तर हिरवी हायेत अजून. कामून कापायचं?"

"कामून न्हाय, का म्हण. काप. त्यो उभा ऱ्हायला की शेजारच्या कोंबाला जागा मिळत न्हाय."

मला कापायला भीती वाटायची. मला तशी सगळ्याचीच भीती वाटते. पुण्याहून फोन आला की मी स्वैपाकघरात भांडं हातात धरून उभी राहायची, मला काढायचं तर बोलत नाहीत ना म्हणून. आणि काकी फोनवर म्हणायच्या, "मी बरा हाय, जेवलो, पोरगी हाय जवळ." इकडच्या बायका स्वतःला अशा पुरुषासारखं बोलतात. सुरुवातीला मला वाटायचं, फोनवर दुसरंच कुणी बोलतंय.

दुपारी त्या मला पेपर मोठ्यानं वाचायला लावायच्या. अडले की थांबायच्या, सांगायच्या नाहीत. मी पुन्हा वाचायची. आज हे चार शब्द लिहिता येतात ते त्या खुर्चीमुळं.

मग तो पूर आला. आदल्या संध्याकाळी पाणी गल्लीच्या तोंडाशी होतं, सकाळी पायरीवर. आम्हाला होडीतनं काढून एका शाळेच्या हॉलमधे नेलं. शेजारच्या भाभी आणि त्यांचे मालकही आमच्याबरोबर होते. त्यांचं गाद्यांचं दुकान घरातच, म्हणजे सगळा कापूस पाण्यात. भाभी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "आता गाद्या नदी वापरंल."

पाणी उतरल्यावर घरी आलो तर घर ओळखू येईना. खिडकीच्या वरपर्यंत भिंतीवर मातीची रेघ, आत गुडघाभर गाळ, फ्रिज आडवा. दादा पुण्याहून रजा काढून आले होते, त्यांनी मजूर लावले. गाळ फावड्यानं ओढून टाकायचा तर टाकायचा कुठं? समोरच्या रस्त्यावर आधीच सगळ्यांच्या सामानाचे ढीग. दादा म्हणाले, मागं टाका. मजुरांनी आतला सगळा चिखल घमेल्यानं नेऊन कर्दळीच्या वाफ्यावर ओतला. कर्दळ तशीही आडवी होऊन कुजली होती. वर रोगराई नको म्हणून दादांनी ब्लीचिंग पावडर मारायला सांगितली. पिठासारखी पांढरी पसरली. माणसाच्या कमरेएवढा ढीग आणि वर ती पावडर, डोळ्यांतनं पाणी यायचं त्या वासानं.

कुणाच्या मनात काही नव्हतं. काकी तेव्हा पुढच्या खोलीत होत्या, त्यांना दिसलंच नाही. दिसलं तेव्हा फावडी धुवून झाली होती. खुर्ची मागच्या दारात ठेव, एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दादा पाय धूत असताना विषय निघाला.

"आई, आता बास. मागच्या पुराला पण हेच झालं. हे घर काढून टाकू."

"काढून टाक. मग मी कुठं?"

"माझ्याकडं. लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे."

"खाली दवाखाना कशाला? मी काय रोज पडतो व्हय?"

भाभी कुंपणापलीकडनं गाळ ओढत होत्या. त्या म्हणाल्या, "काकी, जावा की पोराकडं. आमचं कोण हाय पुण्यात? असतं तर आमी कवाच गेलो असतो."

"मग तूच जा त्याच्याकडं. स्वैपाक बरा करतीस."

दादा हसले नाहीत. त्यांचा चेहरा थकलेला होता. आई पाण्यात सापडल्याचा फोन घेऊन ते पुण्याहून निघालेले, आणि रस्ते बंद म्हणून वाटेतच अडकून पडलेले. ते हळू आवाजात म्हणाले, "मला तिकडं झोप लागत नाही गं, पाऊस सुरू झाला की."

काकींनी पदरानं खुर्चीच्या हातावरचा चिखल पुसला. मग म्हणाल्या, "कौल लावूया."

त्यांच्या माहेरी मोठी गोष्ट ठरवायची असली की ग्रामदेवाला कौल लावतात. पुजारी देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर करायचं, डावी पडली तर नाही. आणि एकदा पडली की तोच प्रश्न देवाला पुन्हा विचारायचा नाही. पण काकींना देवळाच्या पायऱ्या चढणं शक्य नव्हतं. त्यांनी वॉकरचा एक पाय उचलून त्या ढिगाकडं दाखवलं.

"घट बसायच्या आत कर्दळ वर आली तर मी हितंच ऱ्हातो. न्हाय आली तर तुझ्या गाडीत बसतो. पर हात कुणी लावायचा न्हाय. माती वडायची न्हाय, पाणी शिंपायचं न्हाय. मोरीचं जाईल तेवढं जाईल."

दादांनी ढिगाकडं बघितलं आणि म्हणाले, "चालेल."

मला कळेना काकींनी असं का केलं. कर्दळ चिवट असते हे मला ठाऊक होतं. पण एवढ्या मातीखालनं, त्या पावडरीखालनं? मी रात्री त्यांचे पाय चेपताना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी हट्ट केला तर मी म्हातारी हट्टी. देवानं सांगितलं तर त्यो पण गप्प, मी पण गप्प."

दादा पुण्याला गेले आणि आमचे दिवस त्या ढिगापाशी सुरू झाले. सकाळी दात घासता घासता मी आधी परड्यात जायची. ढीग वाळत गेला. वरून तडे पडले. तड्यांतनं मी वाकून बघायची, हात मागं बांधून, चुकून बोट लागू नये म्हणून. काकी आतनं विचारायच्या नाहीत. मी परत आले की माझ्या तोंडाकडं बघायच्या आणि चहा मागायच्या.

बाकी सगळं उगवत होतं, हेच वाईट होतं. भाभींचा अळू दोन आठवड्यांत पसरला. भिंतीच्या फटीत पिंपळ आला. आणि एक दिवस आमच्या ढिगावर हिरवं दिसलं म्हणून मी धावत आत येऊन सांगितलं. काकी वॉकर आपटत आल्या. टोमॅटोची रोपं होती. कुठल्या गावचं बी पुरानं आणून टाकलं होतं कोण जाणे.

"पावणं आलं," काकी म्हणाल्या. "घरचं न्हाय आलं."

आणि खुर्चीत न बसता आत गेल्या.

मी देवाला रोज मागायची. पण खरं सांगते, ते मागणं निव्वळ काकींसाठी नव्हतं. त्या राहिल्या तर मी राहणार होते. हिंगोलीला परत जाऊन कुणाच्या दारात उभं राहायचं, हा विचार आला की मी परत एकदा ढिगापाशी जाऊन यायची. मला वाटायचं, अशा मिसळलेल्या मागण्याला देव कान देत नसेल.

पितृपक्ष लागला. दादा एका दिवसासाठी येऊन वडिलांचा म्हाळ घालून गेले. त्या दिवशी काकींनी वाढलेलं पान अर्धं तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून त्या आवरायला लागल्या. मालकांचा फोटो जुन्या लुगड्यात गुंडाळला. देव्हाऱ्यातले टाक चिंचेनं घासून डब्यात घातले. मी म्हटलं, "काकी, अजून दिवस हायेत." त्या म्हणाल्या, "हायेत की. म्हणून तर सावकाश भरतोय."

जेवण कमी झालं. पेपर वाचायला बसले तर मधेच म्हणायच्या, पुरे. अडलेल्या शब्दावरही थांबायच्या नाहीत, स्वतःच सांगून मोकळ्या व्हायच्या. ते मला फार लागलं.

घट बसायच्या आधीच्या शनिवारी सकाळी मी उठले तर मागचं दार उघडं. काकी आत झोपलेल्या. परड्यात दादा बनियनवर उकिडवे बसलेले, हातात आमचंच खुरपं. कधी आले ते कळलंच नाही. शेजारी नर्सरीतल्या काळ्या पिशव्या फाडून टाकलेल्या. कर्दळीची लहान रोपं होती. त्यांची पानं छाटून ते नुसती टोकं वर राहतील असे गड्डे ढिगात पुरत होते, आणि वरून वाळकी माती हातानं कुस्करून पसरत होते.

"ताई, आवाज करू नका."

"दादा, काकींनी हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय."

"माहीत आहे." ते माती दाबत राहिले. "मीच म्हटलं होतं ना मजुरांना, इथं टाका म्हणून. तिच्या कर्दळीवर मीच गाळ घातला, मीच पावडर मारली. आणि आता देवाचा कौल म्हणून तिला उचलून नेऊ? परवा म्हाळाला बघितलं मी तिला. असं हरून ती माझ्याकडं आली तर चार दिवस टिकायची नाही. राहू दे इथं. पुढचं पुढं बघू."

मी वाकून बघितलं. टोकं जांभळट तांबडी होती, वांग्याच्या सालीसारखी.

"आपली हिरवी होती, दादा."

"कर्दळच आहे ना? कर्दळ म्हणूनच दिली त्यानं."

पंचावन्न वर्षांचा माणूस, गुडघ्यापर्यंत मातीत. मी बादलीभर पाणी आणून दिलं, त्यांनी हात धुतले, पिशव्या गाडीच्या डिकीत टाकल्या.

काकी उठल्या. चहा झाला. दादांना नाटक येत नाही. कपबशी खाली ठेवून लगेच म्हणाले, "आई, परड्यात गेली होतीस का आज?"

"का गं बाई, परड्यात काय हाय?" काकींनी मला विचारलं. माझी मान वर होईना.

त्या वॉकर टेकत गेल्या. ढिगाजवळ उभ्या राहिल्या. वाकता येत नव्हतं त्यांना, पण नजर चांगली होती. कुंपणावरनं भाभींचं डोकं आलं. "आली की वो काकी कर्दळ. आता पेढे पायजेत."

"आली, आली," काकी म्हणाल्या. "देतो पेढे."

दादा दारात उभे होते. "मग ठरलं, आई. तू इथंच. मी घराच्या भिंती करून घेतो पावसाच्या आत."

"व्हय," काकी म्हणाल्या, आणि खुर्चीत बसल्या. पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवल्या. मला दादांना वाढायला लावलं, मिरचीचा ठेचा कर म्हणाल्या, पोरगं पुण्याला गुळचट खातंय म्हणाल्या. दादा लहान मुलासारखे हसत होते. मीही हसले. माझी भीती त्या घासांबरोबर खाली उतरत होती.

हात धुताना काकी म्हणाल्या, "तुझ्या गाडीत वॉकर मावतो का बघून ठेव."

"कशाला?"

"पुण्याला यायचं म्हटल्यावर चालायला नको व्हय मला?"

दादा त्यांच्याकडं बघतच राहिले. "अगं, पण कौल—"

"कौल माझा हाय. मला कळला त्यो."

दादा उठून नळावर गेले आणि स्वच्छ असलेले हात परत धुवायला लागले.

संध्याकाळी लुगडी भरताना काकींनी मला जवळ बसवलं.

"माझी कर्दळ हिरव्या कोंबाची. त्या तिथं कुणीतरी लावलीया. तू न्हवंस. तू लावली असतीस तर बघून लावली असतीस."

मी लुगड्याची घडी घालत राहिले.

"त्याच्या बापाला पण कोथिंबीर आणि मेथीतला फरक कळायचा न्हाय," त्या म्हणाल्या. हसायला आलं त्यांना, पण हसू अर्ध्यातच मोडलं. "न्यायला आलेला मला. आणि मी हितं ऱ्हावं म्हणून देवाला फसवायला बसला मातीत. एवढं केल्यावर आता मी कुठल्या तोंडानं बसून ऱ्हाऊ? झोप लागत न्हाय म्हणतोय त्यो."

"आणि कौल?" मी विचारलं.

"हात लागला, कौल मोडला. मोडलेला कौल परत लावत न्हाईत."

घट बसले त्याच दिवशी दुपारी त्या पुण्याला गेल्या. दादांच्या घरात माझ्यासाठी जागा नव्हती, हे त्यांनी फार संकोचानं सांगितलं. पण जायच्या आधी काकींनी माझी व्यवस्था लावली होती. घर विकलं जाईपर्यंत मी तिथंच राहायचं, किल्ली माझ्याकडं. आणि भाभींच्या ओळखीनं जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्यांच्या आईकडं पुढचं काम बोलून ठेवलेलं. स्वतःचं घर सुटत असताना त्यांनी हे केलं. मला त्यांचे पाय धरता आले नाहीत, त्या गाडीत बसल्या होत्या. मी दाराच्या काचेवर हात ठेवला. काच वर होती.

मग त्या घरात मी एकटी. रिकाम्या घरात माझा पाय वाजायचा. एका माणसाच्या आंघोळीचं पाणी ते किती, मोरीतनं बाहेर पडेपर्यंत आटून जायचं. दादांनी लावलेल्या रोपांनी दोन-दोन तांबडी पानं काढली आणि तिथंच थांबली. मी भांडी घासल्यावर पाणी बादलीत धरून नेऊन ओतायची. आता हात लावायला कुणाची मनाई नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी पाणी ओतताना ढिगाच्या बाजूला, भिंतीच्या अगदी कडेला, माती फुगलेली दिसली. बोटानं कपची बाजूला केली. खाली कोंब होता. हिरवा. गुंडाळी केलेल्या कागदासारखा, टोकाला पांढरट पावडर लागलेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी आणखी दोन.

मला आनंद झाला नाही. मी बादली घेऊन तशीच बसले. मग आत जाऊन फोन लावला. सांगावं की नाही याचा विचार करत बसले असते तर सांगणं झालंच नसतं, मला माझा स्वभाव माहीत आहे.

काकींनीच उचलला. मी म्हटलं, "काकी, आपली आली. हिरवी. भिंतीकडनं."

पलीकडं टीव्हीचा आवाज होता. तो कुणीतरी कमी केला.

"येणारच की," त्या म्हणाल्या. "कर्दळ हाय ती." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी दिवाळीपतोर मुदत घ्यायला पायजे होती बघ. घटाची घाई केली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्याला सांगू नगंस," त्या म्हणाल्या. "त्याला आता झोप लागतीया."

घर पुढं विकलं गेलं. घेणाऱ्यांनी परड्यात गाडी लावायला जागा केली. मी जयसिंगपूरला आले. इथल्या आजींना पेपर आवडत नाही, त्यांना टीव्ही लागतो. पण माणसं चांगली आहेत, वेळेवर जेवू घालतात, माझी तक्रार नाही. पावसाळा लागला की मात्र माझा फोन वाजतो. काकी असतात. घर त्यांचं राहिलेलं नाही, तरी त्या विचारतात, आणि मी आधीच भाभींना फोन करून ठेवलेला असतो.

"पाणी कुठवर आलंय?"

"गल्लीच्या तोंडाशी हाय म्हणतात भाभी."

"पायरीला लागलं?"

"न्हाय. अजून न्हाय."

"मग ठीक हाय," त्या म्हणतात. आणि फोन ठेवत नाहीत. मीही ठेवत नाही.